अवसेची बैठक

आमच्या भागात अवसेला औत धरत नाहीत. बैलाला सुट्टी, म्हणून गड्यालाही सुट्टी. आता दावणीला बैल राहिले नाहीत आणि ट्रॅक्टरला अवस-पुनव कळत नाही, पण लोकांची सवय गेलेली नाही. त्यामुळं ऐंशी सालच्या आसपास गावातल्या द्राक्षवाल्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं ठरवलं, तेव्हा दिवस शोधत बसावं लागलं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढं आडवं लावलं. म्हणाला, “अवसंला कुणी चांगलं काम सुरू करतंय व्हय?” त्यावर आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते बोलले, “बैठक हाय बाबा, लगीन न्हाई.” झालं. लक्ष्मीपूजनाची अवस तेवढी सोडायची, त्या महिन्यात एक दिवस आधी बसायचं, असं ठरलं.

आमचं गाव तासगावच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या शिवेकडं. अग्रणी नदी जवळ आहे, पण तेव्हा ती नावालाच नदी होती. पावसाळ्यात चार दिवस लाल पाणी यायचं, मग वर्षभर वाळू. विहिरीवर मोट, मोटेवर थोडी भाजी, थोडा ऊस, बाकी सगळं आभाळाकडं बघून. ज्वारी, मटकी, भुईमूग. असल्या मुलखात द्राक्षासारखं नाजूक पीक आलं कसं, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे अजून विचारतात. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

द्राक्ष आपल्याकडं नवं नाही. दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं इब्न बतूता नावाच्या प्रवाशानं चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय. हे मी एका पुस्तकात वाचलं आणि बैठकीत सांगितलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. कारण थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडं तो झोपतच नाही. दोनदा कापला तर दोनदा फुटतो. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतो ती काडीसाठी, आणि ऑक्टोबरला दुसरी घेतो ती फळासाठी. दोनदा कापायचं, एकदा पीक घ्यायचं. ही पद्धत बसवायला बऱ्याच लोकांची आयुष्यं गेली. नाशिककडं पूर्वी भोकरी असायची, पुण्याला चिमासाहेबांच्या नावाची साहेबी निघाली, हैदराबादेकडून अनाब-ए-शाही आली. ही सगळी बियांची द्राक्षं. पुढं बिनबियांचं थॉमसन आलं आणि खेळच बदलला. आमच्या तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका काढली. दोघेही शेतकरी. प्रयोगशाळेत बसून केलेलं हे काम नाही. आपल्याच बागेत एखादी काडी वेगळी दिसली तर तिच्याकडं दुर्लक्ष न करता ती जपायची, वाढवायची, एवढंच. पण एवढंच करायला नजर लागते.

आबांकडं ती नजर पानमळ्यातून आली होती. मिरजेच्या पूर्वेला आरग-बेडगच्या पट्ट्यात पानमळे जुने. आबा लहानपणी तिकडं मामाकडं राहिले होते. वेल कसा चढवायचा, कसा बांधायचा, पाणी किती मोजून द्यायचं, हे त्यांच्या हातात होतं. पण पानमळ्याची रीत अशी की पायताण बाहेर काढायचं आणि परक्याला आत घ्यायचं नाही. मळ्याची विद्या घरातून बाहेर जात नसे. बापानं लेकाला सांगावी, जावयाला सुद्धा सांगू नये. आबा म्हणायचे, पानाला ते चाललं, कारण पान शेकडो वर्षांचं, चुकायचं ते आधीच चुकून झालेलं. द्राक्षाचं तसं नव्हतं. इथं कुणालाच काही येत नव्हतं. लपवायला आधी काही माहीत तरी असावं लागतं.

त्याआधी बहात्तरचा दुष्काळ झाला होता. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. आमची विहीर तळाला गेली. आई आणि चुलती खडी फोडायला जायच्या, दुष्काळी कामावर. सुकडी मिळायची, लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. त्याच वेळी गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. माणसांनी पाट्या वाहून बांधलेला तो तलाव पुढच्या दोन पावसाळ्यांत भरला आणि खालच्या सात-आठ विहिरींना पाणी वाढलं. आमच्या गावच्या पहिल्या बागा त्या विहिरींवरच्या. म्हणजे ज्या बायांनी उपाशी पोटी खडी फोडली, त्यांच्या घामावर ही द्राक्षं उभी आहेत. हे बैठकीत कधी कुणी बोललं नाही. मी इथं लिहून ठेवतो.

शहात्तर साली मी दहावी झालो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती. पुढं शिकायची ऐपत नव्हती, मी शेतात राहिलो. बैठक सुरू झाली तेव्हा गणित येणारा म्हणून वही माझ्याकडं आली. वहीवर नाव काय घालायचं? कुणी म्हणालं मंडळ, कुणी म्हणालं संघ. आबांनी नाव घालू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, नाव दिलं की रजिस्टर आलं, रजिस्टर आलं की अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष आला की दोन पार्ट्या झाल्या. म्हणून वहीवर नुसतं ‘बागायतदार बैठक’ एवढंच आहे. चाळीस वर्षांत पाच वह्या झाल्या.

बैठक देवळात बसत नसे. ज्याची पाळी त्याच्या बागेत बसायची. चारच्या सुमारास सगळे जमायचे, आधी बागेत फेरी मारायची, मग मांडवाखाली पोती टाकून बसायचं. चहा यजमानाचा. यात एक मेख होती. देवळात बसून माणूस काहीही सांगू शकतो. स्वतःच्या मांडवाखाली बसला की वर लोंबणारा घडच त्याचं खरं-खोटं करतो.

पहिली दोन वर्षं लोक येत होते, पण बोलत नव्हते. ‘काय फवारलं?’ म्हटलं की ‘नेहमीचंच’ असं उत्तर. खरं बोलणं सुरू झालं ते एका माणसाच्या नुकसानीमुळं. तेव्हा घड जीएमध्ये बुडवायचं नवं नवं आलं होतं. जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, मणी लांब आणि मोठा करणारं संजीवक. चिमूटभर पांढरी पावडर, सोन्याच्या भावाची. ती पाण्यात विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. त्या स्पिरिटवरून गावात काय काय विनोद झाले ते इथं सांगण्यासारखे नाहीत. हिशेब पीपीएममध्ये. १ ग्रॅम पावडर १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम. एका भावकीतल्या माणसानं शून्य चुकवलं. दहापट डोस पडला. घडाचे देठ काडीसारखे जाड आणि ताठ झाले, हात लावला की मणी गळायचे. पुढच्या अवसेला पाळी त्याचीच होती. आम्हाला वाटलं, हा काहीतरी निमित्त काढून टाळणार. त्यानं टाळलं नाही. सगळ्यांना ओळीओळीनं फिरवलं, घड हातात घेऊन मोडून दाखवला आणि म्हणाला, “माझं बगा आन् तुमचं वाचवा.” त्याच दिवशी मी कोळशानं त्याच्या शेडच्या भिंतीवर ग्रॅम, लिटर आणि पीपीएमचा तक्ता लिहिला. पुढं तो तक्ता प्रत्येकाच्या शेडमध्ये गेला.

बोर्डोचंही असंच. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र. पुस्तकात लिटमस कागद सांगितलेला असतो. तो गावात कुठं मिळणार? लोखंडी विळा धुऊन मिश्रणात बुडवायचा. पात्यावर तांब्याचा थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पातं स्वच्छ राहिलं तर फवारा. ही साधी परीक्षा ज्याला माहीत नव्हती त्याची कोवळी पानं करपली. अशा शंभर गोष्टी त्या पोत्यांवर बसून या कानाच्या त्या कानाला झाल्या.

सगळ्यात जास्त वाद झाला तो खरड छाटणीवरून. लोकांचा समज असा की फळाची छाटणी ऑक्टोबरची, म्हणून खर्च तिथं करायचा. एप्रिलला नुसतं कापून सोडून द्यायचं. उन्हाळ्यात पाणी नाही, पैसा नाही, आणि झाडावर फळही नाही, मग कशाला राबायचं? कृषी खात्याचे एक साहेब एका बैठकीला आले होते. त्यांनी सांगितलं की घड ऑक्टोबरला तयार होत नाही, फक्त दिसतो. तो डोळ्यात तयार होतो एप्रिलच्या छाटणीनंतर चाळीस ते सत्तर दिवसांत. त्या दिवसांत वेल उपाशी राहिला, पानांची गर्दी होऊन काडीला ऊन मिळालं नाही, तर डोळा वांझ निघतो. ऑक्टोबरला मग कितीही खत घाला. लोकांना पटलं नाही. साहेबांनी खिशातून भिंग काढलं, ब्लेडनं डोळा उभा चिरला आणि एकेकाला दाखवला. काहींना आत घडाचा कोंब दिसला, काहींना दिसला नाही, पण सगळ्यांनी मान हलवली. तिथून पुढं गावात मे-जूनमध्ये शेंडे खुडणं, सबकेन करणं सुरू झालं. आता तर डोळे तपासून आणल्याशिवाय कुणी ऑक्टोबरला कात्री लावत नाही.

हे सगळं बागेतलं. बागेबाहेरचं जास्त अवघड होतं.

द्राक्ष झाडावर राहत नाही आणि काढल्यावर घरात राहत नाही. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एका वर्षी बाहेरगावचा एक व्यापारी आला, बोलायला गोड, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले. पुढच्या गाड्यांना चेक. सात जणांचा माल गेला आणि चेक एकही वटला नाही. माणूस गायब. त्या सातात एक विधवा बाई होती, आमच्या नात्यातली. नवऱ्यामागं तिनं दीड एकराची बाग एकटीनं उभी केली होती. तिनं सोसायटीचं कर्ज फेडायला पुढची चार वर्षं घातली. त्या वर्षीच्या एका अवसेला बागेची फेरी झाली नाही, चहाही झाला नाही. वहीत एकच ओळ आहे: ‘पैसे हातात पडल्याशिवाय गाडी भरायची नाही. भाव कुणी लपवायचा नाही.’ खाली सगळ्यांच्या सह्या, तिघांचे अंगठे.

नियम करणं सोपं गेलं. दुसऱ्याच वर्षी एकानं तो मोडला. घरात लग्न, बँकेचा हप्ता, आणि उधारीवर किलोला दोन रुपये जास्त देणारा व्यापारी दारात. त्यानं माल दिला. आणि त्याचे पैसे आले, ठरल्या दिवशी, पै अन् पै. ते बुडाले असते तर नियम टिकला असता. आले म्हणून पुढच्या वर्षी पाच जणांनी उधारीवर माल दिला, त्यातले दोघे बुडाले. त्यांना बैठकीत कुणी बोल लावला नाही, कारण त्या दोघांना दुसरा इलाज नव्हता, हे आम्हाला दिसत होतं. मला विचाराल तर त्या नियमाचा खरा उपयोग एवढाच झाला की लोक भाव खरा सांगू लागले. व्यापारी एका बांधावर एक आणि दुसऱ्या बांधावर दुसरा भाव सांगायचा, ते बंद झालं.

ज्यांना कुणावर विसंबायचं नव्हतं ते बेदाण्याकडं वळले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडमध्ये जाळीवर पसरायचे, बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा एक किलो. आमच्या भागाची कोरडी हवा, जिला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, ती इथं कामाला आली. बेदाणा थांबू शकतो. शीतगृहात ठेवला की भावासाठी वाट बघता येते. शेतकऱ्याला वाट बघता येणं ही काय चीज आहे ते दूधवाल्याला आणि भाजीवाल्याला विचारा.

बायकांची गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली नाही, ती बैठकीतच फार उशिरा आली. विरळणी, डिपिंग, घडातले मणी कमी करणं, काढणी, हे सगळं काम बायका करतात. मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात वर. संध्याकाळी मान खाली येत नाही. त्यांना बैठकीला बोलवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. एका ऑक्टोबरात बैठक चालू असताना शेजारच्या ओळीत त्यांचं काम चाललं होतं. आम्ही डाउनीवर बोलत होतो. त्यांच्या टोळीची पुढारी होती, पन्नाशीची बाई, ती ओळीतूनच म्हणाली, “दादा, डावनी आदी आमाला दिसती. पानाखालचं पांढरं तुमी बगस्तवर आमी चार दिस बगत असतूय. पर आमाला कोण इचारतंय?” कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी तिला ओळीतून बोलावून घेतलं, बसायला पोतं दिलं आणि विचारलं, कुणाच्या बागेत दिसलं? तिनं तीन बागा सांगितल्या. त्यातले दोन मालक समोरच बसले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. तिथून पुढं टोळीतल्या दोन बायका बैठकीला येऊ लागल्या. त्या येऊ लागल्यावर दुसरेही विषय निघाले, जे आम्हाला नको होते. मजुरी. फवारलेल्या बागेत त्याच दिवशी कामाला लावणं. हातमोजे. फवारणीचा प्रश्न लवकर मिटला, त्या दिवशी काम ठेवायचं नाही असं ठरलं आणि बहुतेकांनी पाळलं. मजुरीवर मात्र दर हंगामात घासाघीस होते, अजूनही.

२००३ च्या आसपासची दुष्काळी वर्षं आली तेव्हा बैठकीनं सगळ्यात मोठं काम केलं. म्हैसाळ योजनेचं पाणी आमच्याकडं पोहोचायचं होतं, विहिरी कोरड्या, बोअर सहाशे फुटांवरही धूळ सोडत होत्या. लोक टँकरनं बाग जगवत होते. आपल्या मुळावरची थॉमसन पाण्यावाचून लगेच मान टाकते. ज्या चार-पाच जणांनी आधी डॉगरीजच्या जंगली खुंटावर कलम केलं होतं त्यांच्या बागा तग धरून होत्या. हा फरक फेरीत उघड दिसला, कुणी भाषण द्यायची गरज पडली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटाची रोपं लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर डोळा बांधायचा. कलम बांधणारे कारागीर बाहेरून आणावे लागायचे, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच टोळी आणली आणि ती घरोघरी जेवायला वाटून घेतली. पाणीही वाटून घेतलं. कुणाच्या टँकरची खेप आधी, हे चिठ्ठ्या टाकून. एका अवसेला चिठ्ठीवरून दोन सख्खे भाऊ भांडले, ते अजून बोलत नाहीत.

२००९ साली ११ नोव्हेंबरला फयान वादळ किनाऱ्यावर आलं आणि पाऊस आमच्यापर्यंत पोहोचला. बागा फुलोऱ्यात. ओल्या फुलोऱ्यात घड कुजतो, मणी गळतो, आणि डाउनीला तर जेवणाचं ताटच मिळतं. चिखलात ट्रॅक्टर जात नव्हता, पोरांनी पाठीवर पंप घेऊन फवारलं. पाचव्या दिवशी अवस होती. त्या बैठकीला एरवी न येणारेही आले होते. फेरी मारून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकेकानं किती घड राहिले ते सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा तीच वही पुढं केली. त्यांनी ती बघितली आणि परत दिली, तिला शिक्का नव्हता.

पुढच्याच हंगामात, २०१० ला, आपल्या द्राक्षांत युरोपवाल्यांना क्लोरमेक्वाट सापडलं. काडीची वाढ रोखायला ते सगळेच वापरत होते, ते तपासलं जाईल असं कुणी सांगितलं नव्हतं. निर्यात अडकली. वादळातून जे वाचलं होतं ते असं गेलं. तेव्हापासून कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं याचा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा तक्ता आम्ही बैठकीत वाचतो.

आता बैठकीला पंधरा-वीसऐवजी सात-आठ जण येतात. पोरांकडं मोबाइल आहे, पानाचा फोटो टाकला की दोन मिनिटांत औषधाचं नाव येतं. सल्लागार महिन्याचे पैसे घेऊन बागेत येतो. तो हुशार असतो, मी नाव ठेवत नाही. पण एकाच्या बागेतलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. आबांचा पानमळा फिरून आला म्हणायचा.

म्हैसाळचं पाणी आता येतं, आणि पाणी आलं म्हणून काही जण द्राक्ष काढून ऊस लावतायत. २०१९ चा अवकाळी, लॉकडाऊनमध्ये झाडावर राहिलेला माल, औषधांचा आणि मजुरीचा खर्च, हे सगळं सोसून माणूस थकतो. गेल्या अवसेला विषय तोच होता. दोघांनी बाग काढली, एक बाग तर सव्वीस वर्षांची. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तार निघाली होती, भंगारवाला किलोनं मागत होता. पस्तिशीतला एक पोरगा अर्धा एकर नवी बाग लावतोय, तो म्हणाला, अँगल मला द्या, पैसे दोन हप्त्यांत देतो, पहिला हप्ता बेदाणा विकल्यावर. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हो म्हणाले. किती अँगल, किती तार, ते मी मोजून वहीत लिहिलं. सह्या झाल्या. आबांच्या नातवानं चहा आणला.